पावसाची मोजदाद : कौटिल्याच्या कुंडापासून महसूल मंडळाच्या यंत्रापर्यंत

परतवाड्यातील कोणत्याही गच्चीवर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की मेळघाटचे डोंगर दिसतात. आषाढात त्या डोंगरांवर ढग उतरलेले असतात आणि इकडे बाजारात कित्येकदा चक्क ऊन पडलेले असते. चिखलदरा येथून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. उंचीने मात्र सुमारे साडेसातशे मीटर वर. एवढ्या अंतरात वर्षाचा पाऊस जवळजवळ दुप्पट होतो. ही गोष्ट येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, मग तिच्यावर व्याख्यान कसले, असे आपण म्हणाल. परंतु आजचा आमचा सारा विषय या एकाच गोष्टीतून निघतो. पाऊस जर इतक्या थोड्या अंतरात इतका बदलत असेल, तर एका जागी ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यावरून आसपासच्या साऱ्या मुलखाचा पाऊस सांगणे कितपत खरे? आणि तसे सांगण्याचा अधिकार त्या भांड्याला कोणी व केव्हा दिला?

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. महसूल मंडळाच्या ठिकाणी चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे अतिवृष्टी झाली, असा आपल्या राज्याचा निकष आहे. नदीकाठची पऱ्हाटी मातीसकट खरडून गेली आणि आठदहा किलोमीटरवरच्या यंत्रात पस्तीसच मिलिमीटर पडले, तर कागदोपत्री त्या दिवशी साधाच पाऊस झाला. संत्र्याच्या बागेचे तर त्याहून पुढे गेले आहे. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात झाडाकडे कोणी पाहत नाही. मंडळाच्या यंत्राने किती पाऊस आणि किती तापमान नोंदले, यावर भरपाई ठरते. ज्या बागाईतदाराच्या आंबिया बहाराची फळे गळून पडली, त्याची साक्ष तो स्वतः देत नाही. ती एक यंत्र देते. साक्षीदार घटनास्थळी हजर होता की नाही, हे विचारण्याचा हक्क मग सर्वांनाच आहे.

हा साक्षीदार फार जुना आहे. कोठाराच्या ठिकाणी एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. निरनिराळ्या देशांचा पाऊस तेथे द्रोण या मापात दिला आहे : अवंतीचा तेवीस द्रोण, तर अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, अमित. अमित या शब्दाचे आम्हांला फार कौतुक वाटते. मापाची मर्यादा जेथे संपली तेथे खोटा आकडा न लिहिता तसे स्पष्ट सांगणारा तो ग्रंथ आहे. कुंड मात्र कोठाराजवळ ठेवले, शेतात नव्हे. सरकारी माणूस जेथे असतो तेथेच पाऊस मोजायचा, ही रीत तेव्हापासूनची दिसते.

पुढे कोरियाच्या सेजोंग राजाच्या कारकिर्दीत, १४४१ च्या सुमारास, एकाच घडणीची पर्जन्यमापके करून ती प्रांतोप्रांती वाटण्यात आली. एका भांड्याचे जाळे झाले ते असे. इंग्लंडात १८६० साली जी. जे. सायमन्स या गृहस्थाने १६८ ठिकाणांच्या नोंदी जमवून आरंभ केला आणि १९०० साली तो वारला तेव्हा त्याच्या यादीत तीन हजारांहून अधिक ठिकाणे होती. पाद्री, डॉक्टर, शाळामास्तर, जमीनदार असे हौशी लोक रोज सकाळी उठून बागेतल्या भांड्यात पट्टी बुडवीत. तहसील कचेरीच्या आवारात आपण जे पाच इंच तोंडाचे, जमिनीपासून फूटभर उंच असलेले पर्जन्यमापक पाहत आलो, त्याला त्याचेच नाव आहे.

आपल्या देशात ही मोजणी आली ती हौसेने नव्हे, मरणांच्या धाकाने. १८६४ साली कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळले. १८६६ मध्ये ओरिसात भयंकर दुष्काळ पडला. त्यानंतर १८७५ मध्ये सरकारने हवामान खाते स्थापून एच. एफ. ब्लॅनफर्ड याच्याकडे सोपविले. विखुरलेल्या भांड्यांचे आकडे एकत्र करून हिंदुस्थानच्या पावसाचे चित्र उभे करण्याचा पहिला मोठा प्रयत्न त्याचा. वऱ्हाड १८५३ पासूनच इंग्रजांच्या ताब्यात होता. कापसाचा प्रांत, शेतसाऱ्याचा प्रांत. तेव्हा येथला पाऊस मोजला जाणे ओघानेच आले. १८९६–९७ चा आणि त्यापाठोपाठ १८९९–१९०० चा, म्हातारी माणसे ज्याला छप्पनचा म्हणत तो, असे दोन दुष्काळ वऱ्हाडने भोगले. पावसाच्या तारा जिल्ह्याच्या गावाहून वर जात. तारांवरून आकडे एका ठिकाणी गोळा करणे हे आजच्या बिनतारी जाळ्याचे आजोबाच म्हणायचे.

येथे एक गोष्ट मनाशी नीट धरून ठेवली पाहिजे. पर्जन्यमापक तहसीलच्या आवारात बसले, ते तेथे पाऊस विशेष पडतो म्हणून नव्हे, किंवा तेथला पाऊस भोवतालच्या मुलखाचा चांगला नमुना आहे म्हणूनही नव्हे. तेथे ते वाचणारा कारकून होता म्हणून. सारी मोजदाद या सोयीवर उभी आहे.

पुण्याच्या उष्ण प्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेत बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७१ पासूनच्या मोसमी पावसाची जी प्रसिद्ध मालिका तयार केली, तिच्यात साऱ्या देशासाठी ३०६ पर्जन्यमापके घेतली आहेत. हिमालयालगतचा डोंगराळ भाग वगळला, तर साधारण जिल्ह्याला एक. प्रत्येकाच्या आकड्याला जिल्ह्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे वजन द्यायचे आणि बेरीज करायची. अमुक वर्षी देशात सरासरीच्या इतके टक्के पाऊस झाला, असे जे शंभर-सव्वाशे वर्षे मागचे आपण वाचतो, ते बव्हंशी अशा रीतीने पुन्हा उभे केलेले चित्र आहे. देशापुरते ते उत्तम आहे, हेही सांगितले पाहिजे. एका जिल्ह्याची चूक दुसऱ्याच्या चुकीने पुष्कळशी भरून निघते. पण आपल्या अमरावती जिल्ह्याचे १२,२१० चौरस किलोमीटर, त्यांत मेळघाटचे अरण्य आणि पूर्णेकाठची खारपाणपट्टी दोन्ही आली, ती एका भांड्याच्या तोंडून बोलणार. १९०५ पर्यंत एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. तो तसाच राहिला असता तर कदाचित ३०६ ची ३०७ झाली असती आणि अचलपूर-परतवाड्याला आपले स्वतःचे तोंड मिळाले असते, असे गमतीने म्हणता येईल.

दोन भांड्यांच्या मधल्या जागेत काय लिहायचे, हा खरा कूट प्रश्न. थीसन या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९११ साली सोपी तोड काढली : प्रत्येक शेताने आपल्याला सर्वांत जवळच्या पर्जन्यमापकाचा पाऊस आपला मानावा. दोन मापकांच्या बरोबर मध्यावर शीव घालायची. शिवेच्या अलीकडे एक पाऊस, पलीकडे दुसरा. १९६८ मध्ये शेपर्ड याने याहून मऊ रीत सुचविली : आसपासच्या सगळ्या भांड्यांना विचारावे, पण जवळच्याचे अधिक ऐकावे, लांबच्याचे कमी. आपल्या हवामान खात्याने २०१४ मध्ये ६,९५५ ठिकाणांच्या नोंदींवरून १९०१ पासूनचा जो दैनंदिन पावसाचा नकाशा प्रसिद्ध केला, तो याच तत्त्वावर. त्याचा एकेक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे बाजूला साधारण सत्तावीस किलोमीटरचा. परिश्रम थोर आहेत. परंतु थीसनला काय आणि शेपर्डला काय, फक्त अंतर दिसते. डोंगर दिसत नाही. पायथ्याचे भांडे जवळ आणि माथ्याचे दूर असले, की घाटातल्या गावाला पायथ्याचाच पाऊस मिळणार.

किती भांडी असली म्हणजे पुरे, याचे एक गणित आहे. ते आमच्यासारख्या इतिहासाच्या माणसालाही समजले, तेव्हा आपणांस समजेलच. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना आपण सर्वांनी पाहिले आहे. चाक उलटे फिरत नसते. फीत एका सेकंदात चोवीस चित्रे घेते. दोन चित्रांच्या मध्ये चाकाचा एक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या किंचित मागे येऊन थांबला, तर आपल्याला तो मागे सरकल्यासारखा वाटतो. चित्रे खरी, गती खोटी. हॅरी नायक्विस्ट याने १९२८ मध्ये तारायंत्राच्या संदर्भात आणि क्लॉड शॅनन याने १९४९ मध्ये अधिक काटेकोरपणे जो नियम मांडला, त्याचा भावार्थ असा : एखादी लाट नमुन्यांवरून पुन्हा जशीच्या तशी उभी करायची, तर एकेका लाटेत दोनांहून अधिक वेळा तिचे माप घेतलेले असले पाहिजे. त्याहून विरळ मापे घेतली तर लाट नुसती हरवत नाही. तिच्या जागी दुसरीच, खोटी लाट दिसू लागते.

हाच नियम जमिनीवर लावून पाहा. यंत्रे बारा-बारा किलोमीटरवर असली, तर चोवीस किलोमीटरांहून लहान चढउतार त्यांना ओळखता येत नाहीत. परतवाडा ते चिखलदरा हे अंतरच मुळी तेवढे! सगळा घाट, त्याचे सगळे ओले-कोरडे उतार, या जाळ्याच्या एका डोळ्यातून गळून जातात. वळवाचा ढग तर कधी पाच-सात किलोमीटर रुंदीचाच असतो. बैलाचे एक शिंग भिजावे आणि दुसरे कोरडे राहावे असा पाऊस, असे शेतकरी म्हणतो, तेव्हा तो अतिशयोक्ती करतो खरी, पण नायक्विस्टच्याच बाजूने बोलत असतो.

असल्या अंतराची फार मोठी किंमत एकदा मुंबईने दिली. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या मापकाने ९४४ मिलिमीटर नोंदले आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याच्या मापकाने अवघे ७३. एका शहराचे दोन मापक. दोन्ही खरे बोलले. आणि तरीही मधल्या वस्त्यांत त्या क्षणी काय चालले आहे, हे कोणाला कळले नाही. त्यानंतर मुंबई महापालिकेने शहरभर आपोआप मोजून बिनतारी संदेश पाठविणारी पर्जन्यमापके बसविली. त्यांतली काही अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर आहेत.

अंतराप्रमाणेच वेळेचेही आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. समजा, सकाळी साडेसहापासून साडेदहापर्यंत मुसळधार पाऊस झाला आणि चार तासांत नव्वद मिलिमीटर पडला. त्यातले पंचेचाळीस साडेआठच्या आत पडले, ते कालच्या खात्यावर. उरलेले पंचेचाळीस आजच्या. दोन्हींकडे ६५ नाहीत. नाल्याला पूर आला, बांध फुटला, गुरे वाहिली. वहीत मात्र दोन बरे दिवस. जे यंत्र दर दहा मिनिटांनी मोजते त्याच्या नोंदीवरून वाटेल त्या घटकेपासून चोवीस तास मोजता येतात. परंतु बेरीज करण्याची वेळ जुनीच ठेवली, तर यंत्राची ती सगळी हुशारी वाया जाते.

नमुन्याच्या शास्त्रात वऱ्हाडचा स्वतःचाही एक धडा आहे, आणि तो पावसाचा नसून कापसाचा आहे. पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीने होई. पटवाऱ्याने शेताकडे नजर टाकायची आणि यंदा सोळा आण्यांपैकी दहा आणे पीक, असे सांगायचे. १९४२–४३ च्या हंगामात अकोला जिल्ह्यात वि. गो. पानसे आणि आर. जे. कळमकर यांच्या पाहणीत ही नजर बाजूला ठेवली गेली. गावे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडायची, गावातली शेते तशीच, शेतातला तुकडाही तसाच. आणि त्या तुकड्यातला कापूस वेचून तोलायचा. कापूस एका दिवसात हाती येत नाही, वेचण्या तीनचार होतात. तेव्हा त्याच तुकड्याकडे पुन्हा पुन्हा जावे लागे. ज्या शेताचा रस्ता चांगला किंवा ज्याचा मालक ओळखीचा, तेथे जायचे नाही. चिठ्ठी म्हणेल तेथे जायचे. हा नियम कागदावर साधा दिसतो. चिखलात तो पाळून पाहावा.

पुढे पां. वा. सुखात्मे आणि बंगालचे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यात या तुकड्याच्या आकारावरून मोठा वाद झाला. महालनोबीसांच्या पद्धतीत तुकडे अगदी लहान, कमी खर्चाचे आणि म्हणून पुष्कळ. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की तुकडा लहान झाला की त्याच्या पोटाच्या मानाने कड मोठी होते. कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली म्हणजे कापणाऱ्याचा हात ते आतच धरतो. त्यामुळे लहान तुकड्यावरून काढलेले उत्पन्न नेहमी फुगते. थोर माणसांचा हा वाद आम्हांला अतिशय बोधप्रद वाटतो, कारण चूक आकाशातून येत नाही, मोजणाऱ्या हाताच्या सवयीतून येते, हे त्यात उघड झाले. आज कापूस, सोयाबीन, तूर यांचा विमा पीककापणीच्या प्रयोगांवर चालतो. त्याचे मूळ या पाहण्यांत आहे. पावसाच्या मापकाची जागा मात्र चिठ्ठी टाकून कोणी कधी निवडली नाही.

आता आजच्या यंत्राकडे येऊ. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पातले पहिले स्वयंचलित हवामान केंद्र २०१७ साली नागपूरजवळच्या डोंगरगावी सुरू झाले आणि महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे महाराष्ट्रात अशी दोन हजारांवर केंद्रे उभी राहिली. एक खांब, त्यावर सूर्यप्रकाशावर चालणारा विजेचा पत्रा, वारा मोजणाऱ्या वाट्या, तापमानाची व आर्द्रतेची नळी, आणि पावसासाठी एक नरसाळे. नरसाळ्याखाली तराजूसारखी दोन लहान पळ्यांची जोडी असते. एक पळी भरली की ती कलंडते, पाणी सांडते आणि दुसरी पळी धारेखाली येते. प्रत्येक कलंडण्याची एक खूण यंत्राच्या स्मरणात पडते आणि मोबाईलच्या लहरींवरून दूरवरच्या संगणकाकडे जाते. ही कलंडणारी पळी सतराव्या शतकात, लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने योजली होती. नवे आहे ते तिचे बोलणे. तिचे मोजणे साडेतीनशे वर्षांचे आहे.

तिचे दोषही तितकेच जुने. पळी कलंडत असताना पडणारे पाणी मोजणीतून निसटते. म्हणून पाऊस जितका जोराचा तितके माप थोडे अधिकच कमी पडते. अतिवृष्टीच्या दिवशीच साक्षीदार जरा तोतरा बोलतो, असे म्हणा ना. नरसाळ्यात पाला अडकतो, पाखरू घरटे करते, कोळी जाळे विणतो. मग भर श्रावणात यंत्र शून्य मिलिमीटर सांगत बसते आणि दूरच्या संगणकाला ते कोरडे मंडळ वाटते. कारकून चुकत असे. पण भांड्यात पाखरू बसलेले त्याला दिसत तरी असे. मेळघाटात आणखी एक अडचण. जेथे पाऊस सर्वांत अधिक आणि सर्वांत चंचल, त्या खोऱ्यांतल्या कित्येक गावांत मोबाईलची लहर वर्षानुवर्षे पोचलीच नाही. ज्या यंत्राजवळ सांगण्यासारखे सर्वांत अधिक, त्याचेच ऐकायला कोणी नाही.

या पळीच्या नरसाळ्याचे तोंड साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर धरले आणि मंडळ बारा किलोमीटर लांबरुंद धरले, तर एक भाग मोजून सातशेवीस कोटी भागांबद्दल बोलायचे, असा हिशेब होतो. पूर्णेच्या सपाटीवर, मोसमी झडीच्या दिवसांत, हे धाडस खपून जाते. तेथे पाऊस पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत बराचसा सारखा असतो. घाटाच्या पायथ्याला ते खपत नाही. आमची तक्रार यंत्राविरुद्ध नाही, समसमान वाटणीविरुद्ध आहे. मंडळागणिक एक ही न्यायाची वाटणी दिसते, पण न्याय माणसांत वाटायचा असतो; मापे पावसाच्या चंचलतेप्रमाणे वाटायची असतात. दर्यापूरकडे एक पुरेल तेथे परतवाडा, धामणगाव गढी, घाटाचा मध्य आणि चिखलदरा अशी चार-पाचांची ओळच चढत गेली पाहिजे.

सरकारलाही या उणिवेची जाणीव झालेली दिसते. सतत पडणाऱ्या पण ६५ पर्यंत न पोचणाऱ्या पावसानेही पीक कुजते, हे ओळखून २०२३ मध्ये राज्याने सततच्या पावसाला आपत्तीत जागा दिली. रोज किमान दहा मिलिमीटर असे सलग पाच दिवस, आणि त्याच्या जोडीला उपग्रहावरून दिसणारी पिकाची हिरवाई पडताळून पाहायची. एका साक्षीदारावर न विसंबता दुसरा बोलावला, ही फार चांगली गोष्ट झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना जाहीर केली. ती आपल्या भागात येईल तेव्हा यंत्र कोठे बसते, झाडाखाली, भिंतीच्या आडोशाला की मोकळ्यावर, हे गावाने स्वतः जाऊन पाहावे.

तोवर सायमन्सच्या शाळामास्तरांचा मार्ग आपल्यालाही मोकळा आहे. तोंडापासून बुडापर्यंत सरळ, सारख्या रुंदीचे कोणतेही भांडे चालते. त्याचा व्यास किती हे विचारावे लागत नाही, कारण तोंड रुंद असले तर पाणी जास्त येते आणि तितक्याच रुंदीवर पसरते. भांड्याचे बूड सपाट असावे, ते झाड आणि भिंत यांपासून दूर, जमिनीपासून हातभर उंच ठेवावे आणि सकाळी बरोबर साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर वहीत लिहावेत; पाऊस केव्हा सुरू झाला आणि केव्हा थांबला, ती वेळही लिहावी. अचलपूर, परतवाडा आणि घाटाच्या पायथ्याची गावे मिळून वीस शाळांनी एका पावसाळ्यात एवढे केले, तर आश्विनात त्या वीस वह्या मंडळाच्या यंत्राच्या नोंदीशेजारी ठेवून पाहता येतील. यंदाच्या मृगाला अजून सहा आठवडे आहेत.